न्यायासन आणि मतपेटी

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पडवीत उभे होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वयस्कर शेतकरी छत्री मिटून जवळ आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. शेताच्या धुऱ्याचा त्यांचा दावा प्रथम तालुक्याच्या न्यायालयात चालला, मग भंडाऱ्यास जिल्हा न्यायालयात गेला आणि आता दुसऱ्या अपिलात नागपूरला पडून आहे. कागद दाखवून झाल्यावर ते म्हणाले, “फादर, सरपंच आमीच निवडतो, आमदार आमीच निवडतो, मग जज तेवढा वरून काहून येते? तोही आमीच निवडला असता तर आमचं ऐकलं असतं ना?”

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आम्हांस त्या क्षणी देता आले नाही. आम्ही काहीतरी समजुतीचे बोललो आणि ते भर पावसात निघून गेले. प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. न्यायदानाचा अधिकार ज्याच्या हाती जातो त्याला लोकांनी मत देऊन निवडावे की नाही, हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे आणि त्याला निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या मातीतही त्याची मुळे पोहोचली आहेत. ती शोधण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न.

पंचांचा काळ

इंग्रजी अमदानीपूर्वी मराठी मुलखात तंटे मिटविण्याची मुख्य जागा पंचायत ही होती. वादी आणि प्रतिवादी आपापल्या संमतीने पंच ठरवीत आणि त्यांचा निवाडा मान्य करू असे लेखी बांधून देत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि गावचे जाणते यांच्या समक्ष चौकशी होई. साक्षीपुरावा पाहून निवाडा होई व तो कागदावर उतरे. गावच्या बैठकीत आपल्याला न्याय मिळणार नाही अशी शंका पक्षकाराला आली, तर वाद दुसऱ्या ‘थळी’ नेण्याची, म्हणजे दूरच्या ठिकाणच्या तटस्थ मंडळींपुढे ठेवण्याची सोय होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्या पंचांना आपणच पसंत केले तेही चुकू शकतात, आणि जवळच्या माणसाला जवळच्यांचा दाब असतो, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

याच काळातील एक नाव मराठी घरांत आजही आदराने उच्चारले जाते. ते म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्याचा दोष प्रत्यक्ष सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांवर ठेवण्याचे धैर्य या न्यायाधीशाने दाखविले. रामशास्त्री लोकांनी निवडलेले नव्हते. त्यांची नेमणूक पेशवाईतच झाली होती. ज्या गादीने नेमले त्याच गादीवर बसलेल्याला त्यांनी दोषी ठरविले. न्यायाधीश कोणी नेमला यापेक्षा नेमल्यानंतर तो कोणाला भितो, हे अधिक महत्त्वाचे आहे, असे या उदाहरणावरून आम्हांस वाटते.

भंडाऱ्याहून नागपूरपर्यंत

१८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर काही वर्षे अज्ञान राजाच्या नावाने नागपूर राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने चालविला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली व भंडारा त्या प्रांताचा जिल्हा बनला. आरंभी जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर हाच महसूल गोळा करी, हाच दंडाधिकारी असे आणि दिवाणी दावेही हाच ऐके. ज्याने सारा बसवावा त्याच्याचपुढे साऱ्याविषयी गाऱ्हाणे मांडावे, अशी ती रयतेची अवस्था होती. स्वतंत्र भारताच्या संविधानात न्यायखाते व कार्यकारी खाते वेगळे करण्याविषयी जो ५० वा अनुच्छेद आला, त्याच्यामागे अशा अनुभवांची मोठी परंपरा आहे.

प्रांताचे वरिष्ठ न्यायालय म्हणजे नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांचे न्यायालय. पुढे ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. व्हिव्हियन बोस आणि महंमद हिदायतुल्ला यांच्यासारखे न्यायमूर्ती याच न्यायालयातून पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला आणि नागपूर हे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बनले. विदर्भाच्या लोकांना अपिलासाठी मुंबईची वाट धरावी लागू नये, ही अपेक्षा १९५३ च्या नागपूर करारातच नोंदविली गेली होती.

खाली तालुक्याचे व जिल्ह्याचे न्यायालय, वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आणि या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे उच्च न्यायालय. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत फार थोड्यांची असते. त्यामुळे सामान्य माणसाच्या दृष्टीने ही मधली पायरी हीच बहुधा शेवटची पायरी ठरते. तेथे कोण बसतो या प्रश्नाला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

निवडलेल्या पंचांचा प्रयोग

आमच्या शेतकरी बांधवाला ठाऊक नसेल, परंतु त्याला हवा तसा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९२० च्या मध्य प्रांत ग्रामपंचायत कायद्याने लहानसहान दावे व गुन्हे गावातच ऐकण्याची वाट मोकळी केली. १९४६ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड पंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. पुढे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा विदर्भासही लागू झाला. त्यातही काही गावांचा गट करून, गावोगावच्या पंचायतींनी निवडून दिलेल्या पंचांची न्यायपंचायत बसविण्याची योजना होती. वकिलांना तेथे मज्जाव होता. पंचांना तुरुंगात धाडण्याचा अधिकार नव्हता. थोड्या रकमेचे दावे आणि किरकोळ दंडाचे गुन्हे तेवढे त्यांच्याकडे असत.

हेतू उत्तम होता. न्याय दारात यावा, खर्च वाचावा, शेजाऱ्यांत समेट व्हावा, हे कोणाला नको होते? परंतु जो पंच सकाळी न्याय करणार तोच सायंकाळी पारावर आपल्या भावकीत बसणार, आणि पुढल्या निवडणुकीत त्याला गावच्या मोठ्या घराची मते लागणार. अशा स्थितीत त्याने दुबळ्याच्या बाजूने निकाल द्यावा कसा? गटबाजी आणि कायद्याचे अज्ञान यांनी या संस्था खिळखिळ्या झाल्या आणि १९७० च्या दशकात महाराष्ट्राने त्या कायद्यातूनच वगळल्या. २००८ साली संसदेने ग्राम न्यायालयांचा कायदा केला, तेव्हा त्यातील न्यायाधिकारी निवडून यावा असे ठरविले नाही. उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्य शासनाने त्याची नेमणूक करावी, अशी तरतूद केली. मागील अनुभव विसरला गेला नाही, असाच याचा अर्थ.

एक पराभूत उमेदवार

या विषयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्थान मोठे विलक्षण आहे, आणि त्यांचा धागा थेट भंडाऱ्याशी जुळतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांवर कठोर टीका केली. खेडे म्हणजे संकुचितपणाचे व जातीयतेचे घर, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुढे ग्रामपंचायतींविषयीचा ४० वा अनुच्छेद संविधानात आला खरा, पण संविधानाचा पाया गाव नसून व्यक्ती आहे, ही त्यांची भूमिका कायम राहिली.

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीची चर्चा झाली. एक वाट होती ती सर्व अधिकार सरकारकडे देण्याची. दुसरी, नेमणुकीस विधिमंडळाची संमती घेण्याची. तिसरी, सरन्यायाधीशांचा शब्द अखेरचा मानण्याची. बाबासाहेबांनी तिन्ही नाकारल्या. सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. विधिमंडळात नेमणूक गेली तर राजकीय दडपण येईल असे त्यांनी दाखविले. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच, त्यांनाही राग-लोभ असतातच, हेही त्यांनी निर्भीडपणे सांगितले. अखेर विचारविनिमयाने नेमणूक करण्याचा मधला मार्ग स्वीकारला गेला. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची राष्ट्रपती करतात, ती याच विचारातून.

यानंतर पाच वर्षांनी, १९५४ साली, हेच बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि संविधानाचे शिल्पकार पराभूत झाले. दुसऱ्या जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता विजयी झाले.

या पराभवाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? भंडाऱ्याच्या मतदारांनी काही अपराध केला असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिनिधी कोण असावा हे ठरविण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि तो हक्क त्यांना देणाऱ्यांत बाबासाहेब अग्रणी होते. आपण ज्या मताधिकारासाठी झटलो त्याच मताने आपल्याला नाकारले, हे त्यांना सोसावे लागले. परंतु या घटनेतून एक सत्य आपल्या अंगणातच सिद्ध झाले. मतपेटी कोण अधिक लोकप्रिय किंवा कोणाचा पक्ष बलवान हे सांगू शकते. कायदा कोणाला अधिक कळतो हे सांगण्याचे काम तिचे नाही आणि तिने तसा दावाही केलेला नाही. त्या दिवशी भंडाऱ्यात खासदाराऐवजी न्यायमूर्ती निवडावयाचा असता, तर या देशातील थोर कायदेपंडितांपैकी एक जण न्यायासनाबाहेर राहिला असता.

परदेशातील अनुभव

न्यायाधीश निवडून देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत दिसते. तेथे मध्यवर्ती शासनाचे न्यायाधीश नेमले जातात, पण पुष्कळ घटक राज्यांतील न्यायाधीश लोक निवडतात. १८३२ साली मिसिसिपी राज्याने सर्वच न्यायाधीश निवडून देण्याचे ठरविले. १८४६ साली न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला आणि इतर अनेक राज्ये मागोमाग गेली. आज आपल्याला नवल वाटेल, परंतु त्यावेळच्या सुधारकांचा हेतू न्यायाधीशांना स्वतंत्र करण्याचाच होता. गव्हर्नर आणि विधिमंडळे आपल्या पक्षाच्या माणसांना न्यायासनावर बसवीत. त्यांच्या विळख्यातून न्याय सोडवून जनतेच्या हाती द्यावा, अशी ती कल्पना होती.

पुढे राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांवरचा भार वाढला आणि मधल्या पायरीची अपील न्यायालये स्थापन झाली. त्यांतील पुष्कळ न्यायाधीशही मतपेटीतून येतात. ओहायो राज्याचे अपिलांसाठी बारा विभाग आहेत. तेथील न्यायाधीश सहा वर्षांसाठी निवडले जातात आणि २०२२ पासून मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्षाचे नावही छापले जाते. विस्कॉन्सिनमध्ये मुदत तेवढीच, पण निवडणूक पक्षविरहित. १९४० साली मिसूरी राज्याने वेगळी वाट काढली. एका समितीने पात्र माणसे सुचवावीत, गव्हर्नरांनी त्यांतून एकाला नेमावे आणि काही काळाने हा न्यायाधीश ठेवावा की नाही एवढेच लोकांना विचारावे.

या पद्धतीची काळी बाजू वेस्ट व्हर्जिनिया राज्यात दिसली. एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने पाच कोटी डॉलरचा निकाल दिला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे ठाऊक असता, २००४ साली त्या कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराच्या विजयासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवार निवडून आला आणि पुढे तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल लागला. त्या तिघांत तोही होता. अखेर २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, या न्यायाधीशाने त्या प्रकरणापासून दूर राहावयास हवे होते, असा निर्णय दिला.

अगदी अलीकडचे उदाहरण मेक्सिकोचे आहे. २०२४ साली त्या देशाने घटनादुरुस्ती करून सर्व न्यायाधीश जनतेने निवडावेत असे ठरविले. १ जून २०२५ रोजी पहिले मतदान झाले. त्यात मधल्या पायरीवरील अपील न्यायालयांच्या साडेचारशेहून अधिक जागा होत्या. मतदानाला आले सुमारे तेरा टक्के मतदार. ज्यांची नावेही ऐकलेली नाहीत अशा डझनावारी उमेदवारांतून मतदाराने काय पाहून निवड करावी?

आपल्या मातीत हे बी रुजले तर?

उमेदवाराविषयी काही ठाऊक नसले की मतदार नाव पाहून मत देतो. ओहायोत काही ठरावीक, परिचित आडनावांचे उमेदवार न्यायाधीशाच्या निवडणुकीत सहज तरतात, असा अनुभव आहे. तेथे आडनाव केवळ ओळखीचे असते. आपल्याकडे आडनाव म्हणजे काय, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. भंडाऱ्यात असो वा वसईत, आडनाव ऐकताच आपण जात, गाव आणि धर्म यांचा हिशेब मांडतो. न्यायमूर्तींच्या निवडणुकीत पहिला निकाल आडनावाचाच लागेल. मग आपल्यासारख्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांचा, किंवा गावकुसाबाहेरच्या दोन घरांचा वाली कोण?

दुसरे उदाहरण वैनगंगेचे घेऊ. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे धरण उभे राहिले. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, धानाची शेते गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ज्यांची जमीन गेली त्यांना वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात दाद मागता येई आणि तेथेही समाधान न झाल्यास उच्च न्यायालयात अपील करता येई. या दाव्यांत एका बाजूस विस्थापित शेतकरी आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सरकार. धरणाचे पाणी ज्यांना मिळावयाचे ते पुष्कळ, ज्यांची घरे बुडाली ते थोडे. मते मागावयास निघालेला न्यायाधीश कोणाच्या दारात आधी जाईल?

तिसरे उदाहरण लिहिताना हात जड होतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. घरातील एकटा पिता वाचला. महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याची कलमे दोन्ही न्यायालयांनी लागू केली नाहीत. त्याचे दुःख दलित समाजाच्या मनात खोल आहे आणि ते निराधार आहे असे कोणी म्हणू नये.

परंतु येथे घटकाभर थांबून विचार करावा. त्या दिवशी भंडाऱ्याचा न्यायाधीश परिसरातील मतांवर निवडून आलेला असता, तर मारणाऱ्यांच्या भावकीची मते त्याने मोजली नसती काय? आणि नागपूरचे न्यायमूर्ती मतांवर अवलंबून असते, तर फाशीची मागणी करणाऱ्या अफाट जनसमुदायापुढे ती रद्द करण्याचे धाडस त्यांनी केले असते काय? १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना पदावरून दूर केले, त्याचे मोठे कारण फाशीच्या शिक्षा रद्द करणारे त्यांचे निकाल हेच होते. निकाल बरोबर की चूक हा प्रश्न आम्ही येथे सोडवीत नाही. ज्याला निकाल चूक वाटला त्याला वरच्या न्यायालयात जाता येते आणि न्यायमूर्तींनी लेखी दिलेल्या कारणांवर बोट ठेवून त्यांचे खंडन करता येते. मतपेटी मात्र आपली कारणे कधी सांगत नाही आणि तिच्यावर अपील नसते.

सिंहासनाचे भय

याचा अर्थ नेमणुकीची पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. जमावाचे भय एका बाजूस, तसे सिंहासनाचे भय दुसऱ्या बाजूस आहे. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली आणि सहस्रावधी लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. या स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार शाबूत आहे, असा निर्णय ज्या उच्च न्यायालयांनी दिला त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निर्णय फिरविले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. त्याच वर्षी सोळा उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय चुकीचा होता असे स्पष्टपणे म्हटले ते २०१७ साली.

या अनुभवांतूनच १९९० च्या दशकात नेमणुकीचा मुख्य अधिकार ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे गेला. २०१४ साली घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा निर्णय झाला, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत, आणि तेही बंद दाराआड, हे अनेकांना रुचत नाही. त्या आसनांवर स्त्रिया किती, दलित-आदिवासी किती, हा प्रश्नही रास्त आहे. सरन्यायाधीशही माणूसच आहेत, ही बाबासाहेबांची सूचना येथे पुन्हा आठवते. निवडीची कारणे उघड व्हावीत, दारे अधिक रुंद व्हावीत, ही मागणी योग्यच आहे. ती पुरी करण्यासाठी मतपेटी लागत नाही.

पवित्र शास्त्रात या दोन्ही भयांची चित्रे आहेत. निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलेला दिसतो. त्याचे सासरे इथ्रो त्याला सुचवितात की, देवाला भिणारी व लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवड. लहान वाद त्यांनी मिटवावेत, कठीण तेवढे तुझ्याकडे यावेत. अपिलाच्या पायऱ्यांचे हे फार जुने चित्र आहे, आणि त्यातील कसोटी लोकप्रियतेची नाही. दुसरे चित्र शुभवर्तमानातील. पोन्ती पिलाताला आरोपीत दोष आढळला नाही. तरीही त्याने निवड जमावावर सोपविली, जमावाने बरब्बाला मागितले आणि पिलाताने हात धुतले. पिलात निवडून आलेला नव्हता, रोमने नेमलेला होता. त्याला जमावाचेही भय होते आणि कैसराचेही. दोन्ही भये एकाच माणसात एकवटली की काय होते, हे आपण दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर पाहतो.

शेतकऱ्यास उत्तर

आता त्या वयस्कर शेतकऱ्याकडे वळू. त्यांच्या प्रश्नाला आम्ही आज उत्तर देऊ ते असे. बाबा, तुमचा जज तुम्ही निवडला असता, तर तुमच्या प्रतिपक्षानेही तो निवडला असता, आणि त्याची भावकी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुमच्या एका मताला जेथे दहा मतांइतकेच वजन आहे, अशी जागा या देशात न्यायालयाचीच आहे. ती तशी राहावी यातच तुमच्यासारख्या एकट्या माणसाचे हित आहे.

परंतु एवढे सांगून आमची सुटका होत नाही. आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा दावा तालुक्याच्या न्यायालयात चालू होता तेव्हा, जुना धुरा कोठे होता हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक शेजारी आमच्याच धर्मग्रामात होता. साक्ष द्यावी की न द्यावी, हे विचारावयास तो आमच्याकडे आला होता. गावात वैर वाढू नये म्हणून आम्ही त्याला सबुरीचा सल्ला दिला. त्याने साक्ष दिली नाही. पुढे तो देवाघरी गेला.

दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय साक्षीदार नव्याने ऐकत नाही. कायद्याचा काही महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ते लक्ष घालते. खाली जे बोलले गेले नाही ते वर ऐकू येत नाही. नागपूरचा न्यायमूर्ती राष्ट्रपतींनी नेमलेला असो वा लोकांनी निवडलेला, तो रामशास्त्र्यांसारखा निःस्पृह असला तरी, त्या शेजाऱ्याने न दिलेली साक्ष त्याच्या टेबलावर कधीच पोहोचणार नाही. न्यायासनाला सामान्य माणूस जे देऊ शकतो ते मत नव्हे, खरी साक्ष होय. ती देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही एका भल्या माणसाला गप्प बसविले.

रोवणी संपली की त्या वयस्कर गृहस्थांकडे जाऊन हे सर्व त्यांना सांगावयाचे आम्ही ठरविले आहे. हे वाचणाऱ्या कुटुंबांना एवढीच विनंती की, तुमच्या दाराशी असा प्रसंग आला आणि सल्ला विचारावयास तुम्ही आमच्याकडे आलात, तर आमच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका.